भाग ३१ : चीफ्स एवढे वाईट का हरले?

(रेकॉर्डिंगचं हे लेखी रूप. बोलताना येणारे 'म्हणजे' आणि 'अ‍ॅक्च्युअली' शक्य तेवढे काढलेत, काही राहिलेत.)

आवाज जरा बसलाय, समजून घ्या. रविवारी रात्री पहिला अर्धा तास ओरडण्यात गेला. नंतर ओरडण्यासारखं काही उरलंच नाही.

आज बोलायचंय ९ फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलबद्दल. न्यू ऑर्लिन्स, कॅन्सस सिटी चीफ्स विरुद्ध फिलाडेल्फिया ईगल्स, आणि निकाल ईगल्स ४०, चीफ्स २२. हा आकडासुद्धा फसवा आहे. तिसऱ्या क्वार्टरमध्ये एका क्षणी स्कोअर ३४-० होता. चीफ्सचे २२ गुण हे मांडव उठायला लागल्यावर वाढलेल्या पंगतीसारखे आहेत, त्यांचा कुणाला उपयोग नव्हता.

आता तुमच्यातले निम्मे म्हणतील, अरे तू कोल्हापूरचा, फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम, हे हेल्मेट घालून धडका मारायचं खूळ तुला कधी लागलं? बरोबर आहे. मी २०२२ मध्ये कामानिमित्त इकडं ओव्हरलँड पार्कला आलो, हे कॅन्सस सिटीचं उपनगर. इथं सीझन चालू असताना शुक्रवारी लोक लाल कपडे घालून ऑफिसला येतात. पहिल्या महिन्यात मला वाटलं काहीतरी सण आहे. तुम्ही परक्या गावात असता, कॉफी मशीनपाशी कुणाशी काय बोलावं कळत नसतं, आणि मग एक वाक्य सापडतं : "काल बघितली का मॅच?" त्या एका वाक्यावर मी इथं माणसं जोडली, खोटं कशाला बोलू. फेब्रुवारी २०२३ मध्ये चीफ्स जिंकले, २०२४ मध्ये जिंकले. मला वाटायला लागलं की हे असंच असतं. यंदा तिसरा असता. सलग तीन सुपर बोल आजवर कुणीच जिंकलेले नाहीत.

आणि सट्टेबाजांच्या हिशेबात चीफ्सच फेवरिट होते. फार नाही, दीडेक गुणांनी, पण होते. तर मग जिंकणार म्हणून उतरलेली टीम अशी का उताणी पडली? मी चार दिवस यावर विचार करतोय, कामाच्या वेळेतसुद्धा. मॅनेजर ऐकत नाही मराठी, त्यामुळे चालतं.

माझ्यासाठी या सगळ्याचं उत्तर एका प्रश्नातून सुरू झालं, आणि तो प्रश्न विचारला माझ्या बाबांनी.

झालं असं. मॅच इथं संध्याकाळी साडेपाचला, म्हणजे कोल्हापुरात सोमवारी पहाटे पाच. बाबा तसेही त्या वेळेला उठलेले असतात. मी व्हिडिओ कॉल लावला आणि फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून टीव्हीसमोर उभा केला. बाबा तरुणपणी पेठेतल्या तालमीकडून डिफेन्सला खेळायचे, आपला खरा फुटबॉल. या खेळाचे नियम त्यांना काडीचे माहीत नाहीत. मी सुरुवातीला समजावत होतो, चार डावांत दहा यार्ड पुढं जायचं वगैरे, ते 'हं, हं' करत चहा पीत होते. दुसऱ्या क्वार्टरमध्ये माहोम्स लागोपाठ दोनदा आडवा झाला, तेव्हा फोनमधून आवाज आला :

"अरे, ती चारच जणं पळत येत्यात. मग तुमची पाच जणं तिथं काय करत्यात?"

मी म्हटलं, बाबा, थांबा जरा. पण तो प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. कारण अख्खी मॅच त्या प्रश्नात आहे.

ज्यांना हा खेळ नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन्हीकडं अकरा-अकरा गडी. हल्ला करणाऱ्या टीमचा सूत्रधार म्हणजे क्वार्टरबॅक. चीफ्सचा पॅट्रिक माहोम्स, आजच्या घडीचा सगळ्यात मोठा. त्याच्यापुढं पाच दांडगे गडी भिंत करून उभे असतात. त्यांचं काम एकच, समोरच्याला माहोम्सपर्यंत पोचू द्यायचं नाही. तेवढ्या अडीच-तीन सेकंदांत लांब पळणारा एखादा साथीदार मोकळा होतो आणि माहोम्स त्याच्याकडं बॉल फेकतो. बॉल हातात असतानाच त्याला पाडलं तर त्याला म्हणतात सॅक.

आता बचाव करणाऱ्याकडं अकरा गडी आहेत. ते किती जणांना माहोम्सवर सोडायचे आणि किती मागं ठेवायचे, हा सगळा जुगार असतो. नेहमीचा आकडा चार. पाच किंवा जास्त सोडले की त्याला ब्लिट्झ म्हणतात. ब्लिट्झ केला की दबाव वाढतो, पण मागं माणसं कमी पडतात. आणि माहोम्स हा ब्लिट्झ खाऊन जगणारा माणूस आहे. तुम्ही पाचवा गडी पाठवलात की तो जिथून आला ती जागा ह्याला दिसते, बॉल तिथंच जातो.

ईगल्सचा बचावाचा कोच विक फँजिओ, वय तेव्हा ६६. हा माणूस आधी डेन्व्हरचा मुख्य कोच होता, मग मायामीला बचावाचा कोच होता, आणि या सगळ्या काळात माहोम्सविरुद्ध आठ मॅच खेळून आठही हरलेला. आठ! तर त्यानं या मॅचमध्ये काय केलं? माहोम्स ४२ वेळा पास टाकायला मागं सरकला. त्या ४२ पैकी फँजिओनं ब्लिट्झ किती वेळा केला? शून्य. एकदाही नाही. चार गडी पुढं, सात मागं, रात्रभर.

आणि तरी माहोम्स सहा वेळा सॅक झाला. त्याच्या पूर्ण करिअरमध्ये एका मॅचमध्ये एवढे सॅक कधी झाले नव्हते.

बाबांचा हिशेब इथं लावा. चार जण पाच जणांना हरवतायत. म्हणजे भिंतीत एक माणूस जास्त असूनही भिंत पडतेय. आणि मागं सात जण उरलेत, चीफ्सचे पळणारे जास्तीत जास्त पाच. म्हणजे प्रत्येकाला एक आणि वर दोन शिल्लक. माहोम्सनं बघायचं कुठं? समोर सगळे झाकलेले, आणि बाजूनं कुणीतरी येतोय. हाफटाइमपर्यंत चीफ्सनी सगळे मिळून २३ यार्ड केले होते. २३. अर्ध्या मॅचमध्ये! आपल्याकडं गल्लीत बॉल यापेक्षा लांब जातो.

कूपर डीजीननं तो पास मधे पकडला आणि ३८ यार्ड पळत जाऊन टचडाउन केलं, तेव्हा १७-० झाले. त्या पोराचा त्या दिवशी बाविसावा वाढदिवस होता. (ईगल्सच्या सॅक्वॉन बार्कलीचाही त्याच दिवशी वाढदिवस. फिलाडेल्फियात केक किती कापले असतील देव जाणे.) मग झॅक बॉननं दुसरा पास पकडला, चीफ्सच्या अगदी दारात, दोन डावांनंतर ए. जे. ब्राउनचं टचडाउन. २४-०. म्हणजे हाफटाइमच्या २४ पैकी १४ गुण हे माहोम्सच्या दोन चुकलेल्या पासांतून आलेले.

सोमवारी ऑफिसमध्ये जो तो म्हणत होता, "माहोम्सचा दिवस वाईट होता." मला ते पटत नाही. नीट बघा, ते दोन्ही पास त्यानं कोणत्या अवस्थेत टाकले. डीजीनच्या आधीच्या दोन डावांत तो दोन्ही वेळा आडवा झालेला. तिसऱ्या डावाला सोळा यार्ड हवे होते, आणि डोक्यात आता तिसऱ्यांदा कोण येतंय हे चालू. दोनदा मार खाल्लेला माणूस तिसऱ्यांदा बॉल जरा लवकर सोडतो, जरा न बघता सोडतो. तो पास माहोम्सच्या हातून गेला खरा, पण ती चूक तयार झाली होती त्याच्या चार फूट पुढं.

आणि चीफ्सच्या बचावाला तर दोष देऊच नका. सीझनमध्ये २,००५ यार्ड पळालेल्या बार्कलीला त्यांनी ५७ यार्डांवर रोखलं. तो बेत शंभर टक्के यशस्वी झाला. फक्त बार्कलीकडं लक्ष म्हटल्यावर जेलन हर्ट्स मोकळा राहिला. २२ पैकी १७ पास बरोबर, शिवाय स्वतः ७२ यार्ड पळाला, सुपर बोलमध्ये कुठलाही क्वार्टरबॅक एवढा पळालेला नाही. सामनावीर तोच. त्याचं कौतुक मनापासून. पण हर्ट्स एवढा खेळूनसुद्धा मॅच चुरशीची होऊ शकली असती. भरपूर गुण चीफ्सनी याआधी पचवलेत की. २३ यार्ड कुणी पचवू शकत नाही.

मग ती भिंत का पडली? इथं मला थोडं मागं जावं लागेल.

भिंतीतल्या पाच जणांत सगळ्यात डावीकडच्याला लेफ्ट टॅकल म्हणतात. माहोम्स उजव्या हातानं फेकतो, म्हणजे फेकायच्या वेळी त्याची पाठ डावीकडं होते. डावीकडून येणारा त्याला दिसत नाही. म्हणून या एका जागेला सोन्याचा भाव असतो. लोकांना वाटतं धष्टपुष्ट माणूस उभा केला की झालं. तसं नाही. आत उभा राहणारा, ज्याला गार्ड म्हणतात, त्याच्या दोन्ही बाजूंना आपलीच माणसं असतात, जागा चिंचोळी, जोर लावायचा. टॅकल कडेला असतो. त्याच्या बाहेर मोकळं रान. समोरचा वाऱ्यासारखा वळसा घालून येतो, आणि ह्यानं दीडशे किलोचं शरीर घेऊन मागं मागं सरकत त्याच्या आडवं राहायचं. कबड्डीत कोपरा सांभाळणारा आणि मधला, दोघंही पकडच करतात, पण कोपऱ्यावरचा आजारी पडला म्हणून तुम्ही मधल्याला तिथं उभा कराल का? केलात, तर चढाई करणाऱ्याला पहिल्या दोन चढायांत कळतं.

चीफ्सनी नेमकं तेच केलं. या सीझनच्या सुरुवातीला त्या जागेवर किंग्सली सुआमाताया हा नवखा पोरगा होता. दुसऱ्याच मॅचमध्ये, सिनसिनाटीविरुद्ध, त्याला बाहेर काढावं लागलं. मग वान्या मॉरिस आला. तोही टिकेना. मग नोव्हेंबरमध्ये डी. जे. हम्फ्रीजला घेतलं, तो पहिल्याच मॅचमध्ये मांडीचा स्नायू धरून बसला. शेवटी डिसेंबरात काय केलं, तर जो थूनी, जो लीगमधला सर्वोत्तम लेफ्ट गार्डांपैकी एक आहे, त्याला उचलून डावीकडं टॅकलला नेला. आणि त्याच्या जागी गार्डला माइक कॅलिएंडो, जो तोवर बदली गडी होता.

आता बघा यातली गंमत. म्हणजे गंमत कसली. आधी एक जागा कच्ची होती, चार पक्क्या होत्या. तुम्ही तुमच्या पक्क्यातल्या पक्क्या माणसाला उचलून कच्च्या जागी नेलात. आता टॅकल ठीकठाक आणि गार्ड कच्चा. एक भोक बुजवलं आणि दोन पातळ जागा तयार केल्या, त्याही शेजारीशेजारी. साध्या मॅचला चालून गेलं. ईगल्सपुढं नाही, कारण त्यांच्याकडं कडेला जॉश स्वेट आणि मधे जेलन कार्टर, मिल्टन विल्यम्स, जॉर्डन डेव्हिस. बाहेर बघावं तर आतून येतात, आत बघावं तर बाहेरून. स्वेटचे एकट्याचे अडीच सॅक, विल्यम्सचे दोन.

आयटीवाले प्रत्येक गोष्टीत आयटी आणतात अशी माझ्यावर टीका होते, पण एक सांगतोच. माझ्या आधीच्या एका नोकरीत, नाव घेत नाही, एक सर्व्हिस रात्री-अपरात्री अडकून पडायची. आमच्यातला एक सीनियर होता, तो फोन वाजला की उठायचा, लॉगिन करून ती हातानं सुरू करायचा, दहा मिनिटांत सगळं पूर्ववत. महिन्याच्या रिपोर्टमध्ये हिरवंच हिरवं. मीटिंगमध्ये त्याच्यासाठी टाळ्या. ती सर्व्हिस मुळात का अडकते हे बघायला वेळ कुणालाच नव्हता, मलाही नव्हता, आणि ते माझंच मोड्यूल होतं. मग एका तिमाहीच्या शेवटच्या दिवशी ती अडकली आणि त्याच वेळी डेटाबेसही भरला. तो सीनियर एकच होता. पुढचे सात तास मी आयुष्यात विसरणार नाही.

चीफ्सचा हा सीझन मला आता तसा दिसतो. माहोम्स रात्री उठून हातानं सुरू करत होता.

आकडे सांगतो. १७ मॅच, १५ जिंकल्या, २ हरल्या. काय रुबाब! पण या १५ पैकी ११ मॅच आठ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकानं जिंकलेल्या. अकरापैकी अकरा. पहिल्याच मॅचमध्ये बाल्टिमोरच्या गड्याच्या बुटाचं टोक रेषेवर पडलं म्हणून टचडाउन गेलं, नाहीतर बरोबरीची संधी होती. सिनसिनाटीविरुद्ध एका गुणानं, वेळ संपताना. डेन्व्हरविरुद्ध शेवटच्या क्षणी त्यांची किक अडवली म्हणून १६-१४. रेडर्सविरुद्ध त्यांनी स्वतःच बॉल घालवला म्हणून १९-१७. चार्जर्सविरुद्ध तर आपली शेवटची किक खांबाला आपटली आणि आत पडली! पुन्हा १९-१७. त्या रात्री मी सोफ्यावर उभा राहून नाचलो होतो. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी छताला झाडू मारला.

आता दुसरा आकडा. पूर्ण सीझनमध्ये चीफ्सनी केलेले गुण ३८५, खाल्लेले ३२६. फरक ५९. ईगल्सचा फरक किती? १६०. डेट्रॉइटही १५-२ होती, त्यांचा फरक २२२. म्हणजे विजयांचा रकाना बघितला तर चीफ्स आणि डेट्रॉइट सारखे, आणि फरकाचा रकाना बघितला तर दोघांच्यात जमीन-अस्मान.

इथं मला एक कबुली द्यायची आहे. आमच्या ऑफिसात एक साठीचे गृहस्थ आहेत, इथलेच, लहानपणापासून चीफ्सवाले. या टीमनं १९७० नंतर थेट २०२० मध्ये सुपर बोल जिंकला, मधली पन्नास वर्षं काही नाही. ती पन्नास वर्षं त्या माणसानं काढलीत. ते डिसेंबरात मला म्हणाले होते, "ही टीम चांगली नाहीये, ही फक्त अजून मेलेली नाहीये." मी त्यांच्याशी हुज्जत घातली. मी चक्क स्प्रेडशीट करून नेली. अकरा वेळा नाणं उडवून अकराही वेळा छापा यायची शक्यता २,०४८ मध्ये एक, तेव्हा हे नशीब असूच शकत नाही, हे कौशल्य आहे, असं मी त्यांना शिकवलं. पन्नास वर्षं टीम बघणाऱ्या माणसाला, मी, दोन वर्षांचा भक्त.

गणित बरोबर होतं, तेच तर वाईट. सगळं नशीब नव्हतंच. माहोम्स शेवटच्या दोन मिनिटांत खरंच वेगळा माणूस असतो, कोच अँडी रीड खरंच हुशार आहे, डेन्व्हरची किक अडवली त्यामागं अभ्यास होता. पण मी विचारायचा प्रश्न चुकलो. 'ते शेवटी कसे जिंकतात' हे मी विचारत बसलो. 'कमकुवत टीमविरुद्धसुद्धा शेवटच्या मिनिटापर्यंत जायची वेळ यांच्यावर का येते' हे मी एकदाही विचारलं नाही. ज्याचा पगार लॉग वाचण्यासाठी येतो, त्यानं फक्त शेवटची ओळ वाचली. त्याच रकान्याशेजारी अजून एक होता : माहोम्स या सीझनमध्ये ३६ वेळा सॅक झाला, त्याच्या करिअरमधला सर्वाधिक आकडा. तो मी स्प्रेडशीटमध्ये घेतलाच नव्हता. घेतला असता तर माझं म्हणणं बिघडलं असतं.

बरं, हे चीफ्सना माहीत नव्हतं असं आहे का? अहो, त्यांना हे सगळ्यांपेक्षा चांगलं माहीत होतं! कारण हीच मॅच ते आधी एकदा हरलेत.

फेब्रुवारी २०२१, टॅम्पा बे विरुद्ध सुपर बोल. तेव्हाही चीफ्स फेवरिट, तेव्हाही गेल्या वर्षीचे विजेते. आणि हरले ३१-९, एकही टचडाउन नाही. का? दोन्ही टॅकल नव्हते. एरिक फिशरच्या घोट्यामागची कंडरा दोनच आठवडे आधी तुटली होती, मिचेल श्वार्ट्झ पाठदुखीनं ऑक्टोबरपासून बाहेर. बदली भिंत उभी केली. माहोम्सवर त्या दिवशी २९ वेळा दबाव आला, आणि टॅम्पानंही ब्लिट्झ फारसा केला नव्हता. चार जणांत काम झालं होतं.

त्या पराभवानंतर चीफ्सनी काय केलं ते बघा, मला फार आवडतं ते. एका उन्हाळ्यात अख्खी भिंत पाडून नवी बांधली. थूनीला पैसे मोजून आणलं. ओरलँडो ब्राउनला लेफ्ट टॅकलसाठी बाल्टिमोरकडून घेतलं. क्रीड हम्फ्री आणि ट्रे स्मिथ ही दोन पोरं ड्राफ्टमधून उचलली. आणि त्याचं फळ? फेब्रुवारी २०२३ चा सुपर बोल, समोर हेच ईगल्स. त्या सीझनमध्ये ईगल्सनी ७० सॅक केले होते, भयानक आकडा. अंतिम सामन्यात माहोम्सला किती वेळा सॅक केलं? शून्य वेळा. चीफ्स ३८-३५ नं जिंकले. ईगल्सवाले म्हणतात मैदान निसरडं होतं, पाय रोवता येत नव्हते, आणि ते अगदीच खोटं नाही. पण निसरडं मैदान दोघांना होतं.

एकदा शून्य, एकदा सहा. तीच दोन गावं, तोच माहोम्स, तोच रीड, तोच थूनी. फक्त थूनी एक जागा डावीकडं सरकलेला.

मधल्या दोन वर्षांत काय झालं? ब्राउन २०२३ मध्ये सिनसिनाटीला गेला. त्याच्या जागी एका वर्षासाठी डोनोव्हन स्मिथ आणला. तेवढ्यावर आणखी एक करंडक आला. करंडक आला की कसं होतं, भेगा दिसत नाहीत, त्यावर माळा असतात. मग २०२४ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत झेव्हियर वर्दी, हा वाऱ्याच्या वेगानं पळणारा, आणि टॅकलसाठी दुसऱ्या फेरीच्या शेवटी सुआमाताया. पहिला पैसा टीव्हीवर, उरलेला पत्र्यावर, असा प्रकार. वर्दीनं रविवारी १५७ यार्ड आणि दोन टचडाउन केले, पोरगा गुणी आहेच. सगळं पाऊस पडून गेल्यावर.

ईगल्सकडं बघा. कार्टर, डेव्हिस, नोलन स्मिथ, तिघंही पहिल्या फेरीतले, तिघंही पुढच्या फळीतले. २०२१ च्या ड्राफ्टपासून ते तिथं विटेवर वीट ठेवत आले. म्हणून रविवारी फँजिओला ब्लिट्झची गरजच पडली नाही. त्या म्हाताऱ्याची हुशारी आहेच, आठ वेळा हरून नवव्यांदा शांत राहणं सोपं नाही. पण चार गड्यांवर विसंबायला ते चार गडी असावे लागतात.

एवढं सगळं मी बुधवारी रात्री बाबांना फोनवर सांगितलं. वीसेक मिनिटं बोललो असेन. ते मधे काही बोलले नाहीत, मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाले, "मंजे डावीकडचा गडी न्हवता." मी म्हटलं, हो. "मग चार महिनं काय करत हुते?" मी म्हटलं, बाबा, जिंकत होते. त्यावर ते हसले. त्यांच्या काळात तालमीकडून खेळताना एकदा राइट बॅकच्या गुडघ्याला लागलं होतं, त्याच्या जागी स्टॉपर म्हणजे बाबा गेले, आणि मधून तीन गोल खाल्ले. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकतोय, पण आतापर्यंत ती नेहमी पंचाच्या चुकीवर संपायची. या वेळी पंच आलाच नाही.

ऑफिसमधल्या त्या गृहस्थांकडंही गेलो, मंगळवारी. स्प्रेडशीटचा विषय मीच काढला. ते म्हणाले ठेव ती, पुढच्या वर्षी लागेल, एक रकाना वाढव. आणि त्यांनी मला त्यांच्या डब्यातला एक ब्राउनी दिला. पन्नास वर्षं हरलेल्या माणसाला हरल्यावर कसं वागायचं ते चांगलं माहीत असतं.

२०२५ चा ड्राफ्ट एप्रिलमध्ये, ग्रीन बेला. फायनल हरलेल्याचा नंबर एकतिसावा लागतो. एकतिसाव्या नंबरापर्यंत चांगला टॅकल उरतो का? अवघड आहे, पण मी या वेळी वेगानं पळणाऱ्या पोरांचे व्हिडिओ बघत नाहीये. बाबांनी काल मेसेज केलाय : "डावीकडचा मिळाला की कळीव. परत पाचला उठतो."

चला, भेटू पुढच्या भागात. त्यात मोहरमनंतर राहिलेला कोल्हापूरच्या तालमींचा विषय पुरा करायचाय, बरेच मेल आलेत त्यावर. आवाज तोवर बरा होईल.